विचारून सांगते

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

सकाळी मंदा दारात. "काकू, तुम्ही पुढे व्हा. तुम्हाला जमतं हे." मी चपलेच्या पट्ट्याशी झटत होते, म्हणून चिडचिड झाली असं आधी वाटलं. पण तिकडून आल्यावर आंघोळ झाली, आमटी-भात झाला, दुपारची डुलकी झाली, तरी ते "जमतं" काही जाईना.

कोणाच्या घरचं माणूस गेलं की मला पुढे करायचं, हे या बिल्डिंगीत ठरूनच गेलंय. नेव्हीवाल्याची बायको, एकाहत्तर पाहिलेली, हिला काय! हे गेले तेव्हा "तुम्ही खंबीर आहात" म्हणत सगळ्या जणी अर्धा कप चहा पिऊन उठल्या. खंबीर बाईकडे दुसऱ्यांदा कोणी येत नाही. असो.

चौथ्या मजल्यावरची ती रडत नव्हती. मांडीवर नवऱ्याची ऑफिसची बॅग. प्लॅटफॉर्मवर पडला, तिथून हॉस्पिटल, आणि बॅग तेवढी घरी आली. तिनं आतून पाण्याची बाटली काढली. प्लास्टिकची, अर्धी भरलेली, लेबल निघालेलं. "ही त्याची नाही, काकू. त्याची स्टीलची, ती पण आहे, ही बघा. मग ही कोणी दिली? प्यायला का तो पाणी?" बाकीच्या म्हणाल्या, आता त्याचा विचार नको करूस. मी म्हणाले, "विचारून सांगते."

तोंडातून गेलं आणि माझी मीच दचकले. हे मी आधी एकदा म्हटलंय.

९ डिसेंबर १९७१ ला मार्गशीर्षातला गुरुवार होता. जुनं कॅलेंडर मिळालं तर बघा. मुंबईत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद. नेव्हीनगरातल्या आतल्या खोलीत आम्ही घट मांडलेला, निरांजनाला आडोसा धरून महालक्ष्मीची पोथी वाचत होतो. वरच्या मजल्यावरची ती, देवगडकडची, माझ्याचकडे आली होती. वाचून झाल्यावर तिनं मला हळदीकुंकू लावलं, मी तिला लावलं. अंधारात माझं बोट जरा वर गेलं, ती हसली. त्याच रात्री पावणेनऊच्या सुमारास दीवसमोरच्या समुद्रात आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. काही मिनिटांत. १८ अधिकारी, १७६ खलाशी. तिचा नवरा खुकरीवर होता. हे 'कृपाण'वर, म्हणजे बरोबरच्याच जहाजावर.

हे आले. जिन्यावर बूट वाजले तेव्हा मला जे वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग आम्हाला वर धाडलं. जा, बसा तिच्याजवळ. काय बोलायचं ते कोणी सांगितलं नाही. देह नाही, तर दहावा कधीचा धरायचा? "बेपत्ता" म्हणजे कुंकू पुसायचं की ठेवायचं? एक म्हणे पूस, एक म्हणे देवावर हवाला ठेव. तिनं करंडा पिठाच्या डब्यात खुपसून ठेवला होता. भाकरीला पीठ काढताना माझ्या हाताला लागला. मी तो परत आत ढकलला, वर पीठ सारखं केलं. तिनं बघितलं, बोलली नाही.

जीव वाचून परत आलेल्यांच्या तोंडून तेव्हा एक गोष्ट फिरत होती. खुकरीच्या कॅप्टन मुल्लांनी आपलं लाईफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. (महावीर चक्र मिळालं त्यांना, मरणोत्तर.) मला बोलायला काहीतरी सापडलं म्हणून घाईघाईनं मी ती गोष्ट तिला सांगितली. वाटलं, बरं वाटेल, अभिमान वाटेल. तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"ज्येका दिल्यान, त्येचा नाव काय गे?"

मी म्हणाले, "विचारून सांगते."

आणि विचारणार कोणाला? ह्यांना? हे भिंतीकडे तोंड करून झोपत होते. कृपाण तिथून बाजूला झालं होतं. पाकिस्तानची 'हँगोर' पाणबुडी खाली असताना दुसरं काय करणार, हे मलाही कळतं. पाण्यातल्या ६७ माणसांना दुसऱ्या दिवशी 'कच्छल' जहाजानं उचललं. तेवढी रात्र मध्ये होती. त्या रात्रीबद्दल ह्यांच्यासमोर शब्द काढायची माझी छाती झाली नाही. खूप वर्षांनी पेपरात आलं, की पाणबुडीनं पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला होता, तो फुटलाच नाही. ह्यांनी पेपराची घडी घातली आणि भाजी आणायला गेले. मेथी आणली, घरात होती तरी.

तिनं मात्र विचारलं. एकदा, दोनदा, तीनदा. "विचारलंस गे?" मी म्हणायची, हे ड्यूटीवर आहेत, भेट नाही. एकाच जिन्यावर राहून! तिला माझ्याकडून काय हवं होतं ते कळत होतं मला. नाव तिच्या नवऱ्याचं निघालं असतं तर तो घरी का नाही आला, आणि नाही निघालं तर... ती दोन्ही उत्तरं मला नको होती. तिला चाललं असतं कुठलंही, असं आता वाटतं. कोण जाणे.

१६ तारखेला ढाक्यात पाकिस्तान शरण आलं. तोही गुरुवार, मार्गशीर्षातला शेवटचा. मी उद्यापन केलं. सात सवाष्णींना पोथी, फळ, ओटी. वर कोणी गेलं नाही. मीही नाही. पुढे तिचा दीर आला, ट्रंक जिन्यावरून एकेक पायरी आपटत खाली गेली. मी दार लोटून घेतलं होतं, पण आवाजावरून पायऱ्या मोजल्या.

लेकीनं मला दीवला नेलं होतं. १९९९ साली केलेलं स्मारक आहे, टेकाडावर काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती, समोर समुद्र. लेक फोटो काढत होती. तिथल्या माणसाकडे मी धीर करून गेले, म्हटलं आता विचारू. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर "इथे पाणी कुठे मिळेल?" त्यानं नळ दाखवला. मी पाणी पिऊन परत आले. मंदाला हे सांगायला पाहिजे एकदा. म्हणावं, हे असं जमतं मला.

बाटलीचा फोटो काढून आणलाय. लेबल नसलेल्या बाटलीवरून माणूस शोधायला निघालेय, वय वर्षे ७७, हसायलाच आलं मगाशी, एकटीला. प्लॅटफॉर्म ३, मधला जिना उतरला की डावीकडे, एवढं तिच्या दिराकडून काढून घेतलंय. तिथं एक स्टॉल आहे, दोन पॉलिशवाले बसतात. मंदालाच बरोबर घेते, तिच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. साडेदहानंतर निघू, गर्दी ओसरली की.