बोल्टची गंजगोलाई

लातूरच्या गंजगोलाईला, म्हणजे बाजारपेठेतल्या गोल चौकाला, सोळा रस्ते येऊन मिळतात. नवखा माणूस एका रस्त्यानं आत शिरतो आणि भलत्याच रस्त्यानं बाहेर पडतो. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागच्या बोल्टला सहा कोपरे होते. गेल्या रविवारी दुपारी बाराच्या सुमारास त्यातला एकही उरला नाही. डोकं कसं गुळगुळीत, गरगरीत. आधी गंज, मग गोलाई.

गाडी मूळची मेव्हण्याची. रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर सात पावसाळे अंगणात उभी होती. त्यानं नवी घेतली आणि ही ‘घरातच राहील’ म्हणून आम्हाला दिली. वरून रंग चकाचक. पण खारं वारं पोटाखालून शिरतं, हे आमच्यासारख्या देशावरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? आमच्याकडं लोखंड गंजतं, नाही असं नाही, पण सावकाश, सवडीनं. ज्या लातुरात एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथं बोल्टच्या वाट्याला ओल ती किती येणार! हा गंज कोकणातून आयता आला. आंब्याच्या पेटीबरोबर यावा तसा.

ब्रेक दाबला की कर्रर्र आवाज यायचा आणि औसा रोडवर चक्कर मारून आलं की डावं चाक हाताला चटका द्यायचं. चाक काढून बघितलं तर ब्रेकचा आतला पॅड झिजून पत्र्याला टेकलेला आणि बाहेरचा जवळजवळ कोरा. हे असं का होतं ते कळलं तेव्हा मला बैलजोडीच आठवली. ह्या ब्रेकमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅडना कवेत घेणारा चिमटा, पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना जाम झाल्या की आतला बैल एकटाच ओढतो, बाहेरचा नुसता जू खांद्यावर घेऊन चालतो. पिना साफ करायच्या तर ज्या ब्रॅकेटमध्ये त्या अडकल्यात ती ब्रॅकेट खाली काढायची. तिला सतरा नंबरचे दोन बोल्ट. खालचा सुटला. वरचा निघंना.

आता गाडी सरळ गॅरेजला न्यायची, तर मोबाइलवर चार व्हिडिओ बघून माझा आत्मविश्वास वाढलेला. त्यात मी विज्ञानाचा शिक्षक. गंजण्याचा धडा मी दरवर्षी शिकवतो. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. एकीत साधं पाणी, दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा. गंज पहिलीतच. पोरं तोंडपाठ सांगतात की हवा आणि पाणी दोन्ही हवं. पुस्तकात एक गोष्ट मात्र ठसठशीतपणे येत नाही, ती मला त्या बोल्टनं शिकवली. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. उघड्यावर तो पापुद्रे होऊन गळून पडतो, पण आट्यांच्या फटीत त्याला फुगायला जागाच नाही. मग तो पाचरीसारखा दाटून बसतो. म्हणजे बोल्ट नुसता चिकटलेला नसतो, आतून ठोकून बसवलेला असतो.

बारा कोनांचा रिंग पाना लावला. जोर केला. बोल्ट हलंना. अजून जोर केला, पाना सटकला, तीन बोटांची सालं निघाली. बायकोनं हळद आणली आणि काही बोलली नाही. ते न बोलणं फार लागतं. पुन्हा लावला. पंधरा मिनिटं असा घाम गाळला की मे महिन्याला लाज वाटावी. शेवटच्या झटक्याला पाना अलगद फिरला. वाटलं, सुटला. बघतो तर पाना फिरलेला, बोल्ट जागेवर, कोपऱ्यांचा भुगा हातावर.

शेजारचे काका तेव्हापासून कंपाउंडवर कोपर टेकून उभे होते. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उमर गेलेला माणूस. बोलले तेव्हा अगदी हळू बोलले, वर्गातल्या ढ मुलाशी बोलावं तसं.

“सर, तुम्ही आवळायलात.”

मी बघतच राहिलो. ह्या बोल्टचं डोकं इंजिनाच्या बाजूला असतं. मी बसलो होतो चाकाच्या बाजूला, हात मागून घातलेला. म्हणजे मला दिसणारं उलटं हे बोल्टचं सुलटं. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम मी इतकी वर्षं दहावीला शिकवतोय, अंगठा वर करून, फळ्यासमोर!

“पण आवळलं ते वाईट नाही केलं,” काका आत येत म्हणाले. “जाम बोल्ट आधी जरा आवळून बघायचाच. गंज मोडतो.” ही समजूत होती की तंत्र, ते मी विचारलं नाही.

आत आल्याबरोबर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर मला रागावले. गाडी नुसत्या जॅकवर उभी होती. “जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही. आमच्याकडं असं कुणी केलं तर घरी पाठवायचे.” काढलेलं चाक आडवं करून त्यांनी पत्र्याखाली सरकवलं, मागच्या चाकांना विटा लावल्या. कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत होता, तो तारेनं वर स्प्रिंगला बांधला. मग बोल्टवर टॉर्च धरून बराच वेळ नुसतं बघत बसले. डॉक्टर जीभ बघतो तसं.

डब्ल्यूडी-४०चा डबा माझ्याकडं होता. हे द्रावण अमेरिकेत सॅन डिएगोला १९५३मध्ये झालं, चाळिसाव्या खटपटीला जमलं म्हणून नावात चाळीस. अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ते वापरायचे. नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थ पाणी हुसकावणं. लातुरात राहून पाणी हुसकावायला पैसे मोजणारा मी पहिलाच असेन. काकांनी डिस्कवर फडकं टाकलं, बोल्टच्या मुळाशी फवारा मारला, हातोडीनं डोक्यावर सरळ चार टोले दिले आणि म्हणाले, “जेवा. झोपा. सकाळी बघू.”

मला तेव्हाच निकाल हवा होता. पण तेल फटीत उतरायला वेळ घेतं, आणि काकांनाही कसली घाई नव्हती.

सकाळी सहाला आले ते एक ब्लोलॅम्प आणि लोडशेडिंगच्या काळातली मेणबत्ती घेऊन. कालचं तेल पुसून घेतलं. रबरी नळी आणि सेन्सरची वायर ओल्या फडक्यामागं सारली. मग बोल्टभोवतीचं लोखंड तापवलं. बोल्ट नव्हे, भोवतीचं. ते फुगलं की भोक किंचित मोठं होतं. ज्योत बाजूला केली आणि मेणबत्तीचं टोक बोल्टच्या मानेला लावलं. मेण वितळलं, थेंब क्षणभर काठावर थरथरला आणि आत गेला. कुणी आतून ओढून घ्यावा तसा. दुसरा थेंब. तिसरा. केशाकर्षण हा शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल! असं पिताना लोखंड मी पहिल्यांदा पाहिलं.

गोल झालेल्या डोक्यावर त्यांनी सोळा नंबरची सहा कोनांची गोटी, म्हणजे टोपीसारखा बसणारा पाना, हातोडीनं ठोकून बसवली. तिच्या टॉमीवर, म्हणजे दांड्यावर, पाईप चढवला. तो आमच्या आटलेल्या बोअरचा, तीन फूट तुकडा. “आता तुम्ही,” म्हणाले. दिशा मी दोनदा विचारली.

भार टाकला. काही नाही. अजून टाकला. आणि कट्ट!

हा आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच त्यानंतरची दोन सेकंदं कळतील. बोल्ट तुटला तरी असाच वाजतो, सुटला तरी असाच. तुटला तर ड्रिल, लेथवाला, वर्कशॉपच्या फेऱ्या. मी काकांकडं बघितलं. ते गोटीखाली बघत होते. लाल पावडर भुरभुर खाली पडत होती, हिंगासारखी.

“सुटला,” म्हणाले.

पुढचं सगळं पटपट झालं. पिना घासून साफ, नवे पॅड, नवा बोल्ट. पिनांना मी साधं ग्रीस लावायला निघालो तर काकांनी हात धरला. त्यानं रबर फुगतं, सिलिकॉनचंच हवं. जुना बोल्ट त्यांनी तळहातावर घोळवला. अर्धा चकचकीत, अर्धा विटकरी, डोकं गोटीत चेपलेलं. मग सदऱ्याच्या खिशात टाकला.

“काका, त्याचं काय करणार?”

“असू द्या. लागतं कधी.”

येत्या रविवारी उजवं चाक. शनिवारी रात्रीच फवारा मारून ठेवणार आहे. शाळेतून खडू आणलाय. मडगार्डवर बाणही काढून ठेवलाय, कुठल्या बाजूला फिरवायचं त्याचा. काकांनी तो कंपाउंडवरून बघितला, मान तिरकी केली, आणि मला पुसून पुन्हा काढायला लावला.