डिकीतली मॅट उचलून बघा

गाडीच्या शोरूममध्ये माणसे काय काय उघडून बघतात, ते बघत बसावे. छताची काच सरकवून बघतात, मागच्या सीटला एसीचा वारा येतो का ते हात लावून बघतात, बॉनेट उघडून इंजिनाकडे गंभीर चेहऱ्याने पाहतात आणि काही न कळता पुन्हा लावून टाकतात. डिकीतली मॅट उचलून खालची स्टेपनी बघणारा मात्र विरळा. चार चाकांना चकचकीत सतरा इंची आलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूचे रिम, आणि मॅटखाली काळ्या लोखंडी रिमवर सोळा इंची चाक, हा प्रकार आता इतका सरावाचा झाला आहे की विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. त्या रिमवर एक स्टिकर असतो, त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. तो स्टिकर वाचायची वेळ येते तेव्हा बहुधा पाऊस पडत असतो.

बेळगावात गाडी घेणाऱ्याने तरी ती मॅट उचलावी. या गावाला चहूबाजूंनी रस्ते फुटतात आणि प्रत्येक रस्त्याचे टायरशी वेगळे वैर आहे. उद्यमबागेत, म्हणजे गावच्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्र्या आणि मशीन शॉप. भंगाराच्या गाडीतून लेथवरचा बर, म्हणजे धातूचा कीस, सांडतो. त्याच्या कुरळ्या, धारदार चकल्या रबरात शिरतात आणि हवा अशी हळूहळू सोडतात की दोन दिवस कळतही नाही. चिकोडी, संकेश्वर, निपाणीकडे उसाचा हंगाम लागला की बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेला लागतात. बैलांच्या खुरांना मारलेल्या पत्र्यांचे, म्हणजे नालांचे, निसटलेले आखूड खिळे तिथे रस्त्यावर मिळतात. हे झाले ट्रेडमधले पंक्चर, म्हणजे टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातले. पंधरा मिनिटांचे काम, आणि दुकानही दर दोन मैलांवर.

खरा प्रश्न पश्चिमेला, गोवा-कोकणात उतरणाऱ्या घाटांत आहे. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, खानापूर-लोंढ्यावरून अनमोड, चंदगडच्या बाजूने तिलारी किंवा आंबोली. पावसाळ्यात डांबराची कड तुटते, साईडपट्टी खचते. समोरून ट्रक आला की आपण डावीकडे उतरतो आणि वर चढताना टायरची कूस, म्हणजे बाजूची भिंत, त्या धारदार कडेला घासते. पाणी भरलेल्या खड्ड्यात वेगाने गेलात तर रबर रिम आणि खड्ड्याच्या कडेत चेपून आतले धागे तुटतात. कुशीला एकदा चीर पडली की पंक्चरवाला नुसती मान हलवतो. त्याला ठिगळ नाही. तो भाग दर फेरीला वाकतो आणि सरळ होतो, त्यामुळे तिथे काही चिकटून राहत नाही.

म्हणून डिकीत स्टेपनीऐवजी फेसाची बाटली आणि छोटा पंप देण्याची जी टूम निघाली आहे, ती या भागात पटत नाही. २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून तशी परवानगी दिली: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल. कंपनीला वजन वाचते, पैसे वाचतात, बॅटरीला किंवा सीएनजीच्या टाकीला जागा मिळते. पण ती बाटली ट्रेडमधल्या साधारण चार ते सहा मिलिमीटरच्या भोकापुरती. कुशीची चीर तिला बुजत नाही. शिवाय तिच्यावर मुदतीची तारीख असते आणि ती कोणी वाचत नाही. तीन राज्यांच्या शिवेवरच्या घाटात फोनला रेंज मिळाली, तरी मदत केंद्रातला आवाज पहिल्यांदा विचारतो, "सर, कोणत्या राज्यात आहात?" आणि तिथे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो.

आता बारक्या स्टेपनीकडे येऊ. तीसुद्धा चाकच आहे, गाडी चालते, मग बिघडले कुठे? हिशेब करून बघण्यासारखा आहे. २१५/६० आर१७ असे माप लिहिलेल्या टायरची उंची सुमारे ६९० मिलिमीटर. त्याच गाडीत २०५/६५ आर१६ ची स्टेपनी असेल तर तिची उंची सुमारे ६७३. फरक १७ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम बोटाच्या जाडीएवढा. पण तेवढ्यानेही ते चाक दर किलोमीटरला जोडीदारापेक्षा अकरा-बारा फेरे जास्त मारते. वळणावर दोन चाकांचा वेग वेगळा ठेवण्यासाठी असलेल्या डिफरन्शियलला मग सरळ रस्त्यावरही काम करत राहावे लागते. ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणाऱ्या एबीएसच्या कॉम्प्युटरला वाटते चाक घसरते आहे. ओल्या घाटात उतरताना एका कोपऱ्याची पकड वेगळी. पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला हे ठीक. पण बेळगावहून पुण्याला निघालात आणि निपाणीच्या आसपास टायर फाटला, तर पुढचा सगळा महामार्ग ८० च्या आत काढायचा, मागे ट्रकचे दिवे आणि आत घरच्यांचे प्रश्न. त्याहून अरुंद, सायकलच्या चुलतभावासारखी स्टेपनी असेल तर तिच्यात हवा बहुधा ६० पीएसआय दाबाने लागते, आणि तेवढी भरायची असते हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसते.

गाडीला पुढची चाके ओढत असतील आणि पंक्चर पुढच्या चाकाला झाले असेल, तर बारकी स्टेपनी पुढे लावू नये. मागचे चांगले चाक काढून पुढे आणावे आणि स्टेपनी मागे लावावी. काम दुप्पट होते खरे, पण डिफरन्शियल वाचतो. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीला तर हा फरक कुठेच लपवता येत नाही. तिथे स्टेपनी पूर्ण मापाचीच हवी.

पूर्ण मापाची म्हणजे मात्र काय, इथे एक गोम आहे. नवीन टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. चाळीस हजार किलोमीटरनंतर ती तीनवर आली, तर टायरची उंची दहा मिलिमीटरने घटली. डिकीतले पाचवे चाक अजून कोरे आहे. म्हणजे कागदावर माप तेच, पण प्रत्यक्षात फरक बारक्या स्टेपनीच्या फरकाच्या निम्म्याहून जास्त! पाचवे चाक कोरेकरकरीत जपून ठेवणारे लोक त्याचा अभिमान बाळगतात, पण त्यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही. दर दहा हजार किलोमीटरला पाचही चाकांचा फेरपालट करावा. नमुना गाडीच्या पुस्तकात असतो. एकाच दिशेने फिरणारी नक्षी असेल तर टायरवरचा बाण बघून बाजू ठरवावी. पन्नास हजार किलोमीटर झाले की प्रत्येक टायर चाळीस हजार पळालेला असतो, एकेकाला एकदा विश्रांती मिळालेली असते आणि पाचही एकत्र म्हातारे होतात. तोटा इतकाच की टायर घ्यायची वेळ आली की पाच घ्यावे लागतात. हवेच्या दाबाचा सेन्सर चारच चाकांत असेल तर स्टेपनी लावल्यावर डॅशबोर्डवर दिवा पेटलेला राहील, त्याने घाबरू नये.

नुसते पडून राहिलेले रबरही म्हातारे होतेच. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर दर वर्षी कुशीला बारीक भेगा आहेत का ते उजेडात बघावे. दहा वर्षांचा टायर, नक्षी कितीही कोरी असो, टाकून द्यावा.

मॅटखालची स्टेपनी निदान कोरडी तरी असते, असे वाटते, पण तसे नाही. मागच्या दिव्याचे रबर सैल झाले की पावसाचे पाणी थेट त्या खोलगट भागात उतरते आणि साचते. तळाला रबरी बूच असते, ते काढून पाणी सोडता येते. गाडीच्या पोटाखाली साखळीने किंवा तारेने टांगलेल्या स्टेपनीची दशा त्याहून वाईट. चोर्ल्याची तांबडी माती त्या तारेच्या रिळात भरते, उन्हाळ्यात वाळून विटेसारखी घट्ट होते आणि ऐन वेळी हँडल फिरत नाही. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा स्टेपनी पूर्ण खाली सोडावी, रीळ धुवावे, तारेला ग्रीस लावावे, व्हॉल्व्हची टोपी आहे का बघावे आणि पुन्हा वर घट्ट ओढावी. सैल राहिली तर खड्ड्यात हिंदकळून तार झिजते. वर ओढण्याआधी हवा बघायची, कारण एकदा वर गेली की व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही.

हवेचा नियम सोपा. टायर नुसता पडून राहिला तरी महिन्याला एक-दोन पीएसआय जाते. पंपावर चार चाकांना हवा भरणारा पोरगा कधी आपणहून म्हणत नाही, "स्टेपनीचं काय वो?" 'हवा घाला' म्हणा नाहीतर कन्नडात 'गाळी हाक्री' म्हणा, पाचव्या चाकाची आठवण आपणच करून द्यायची. चाकांना ३३ लागत असेल तर पूर्ण मापाच्या स्टेपनीत ३८ भरून ठेवावी, टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत. जास्तीची हवा रस्त्यावर सोडता येते, कमी असलेली घाटात कुठून आणणार? बारा व्होल्टचा छोटा पंप म्हणूनच पूर्ण मापाची स्टेपनी असली तरी जवळ असावा.

"स्टेपनी काढून ठेवूया की वो, तिथं दोन बॅगा बसतील," हे वाक्य मंगेशी-शांतादुर्गेला निघालेल्या प्रत्येक घरात एकदा तरी ऐकू येते. स्टेपनी आणि रिम मिळून पंचवीस किलोच्या आसपास, म्हणजे तांदळाचा एक कट्टा. तेवढ्याने डिझेलचा हिशेब फारसा हलत नाही. स्टेपनी राहू द्या, पण सामान असे लावा की पावसात कुंद्याचे डबे आणि बॅगा रस्त्यावर न मांडता तळाशी हात घालता येईल. जॅक आणि पाना तर सगळ्यात वरच ठेवावा. फाटलेले चाक डिकीत परत टाकायचे असते हेही लक्षात ठेवावे. बारक्या स्टेपनीच्या खड्ड्यात पूर्ण मापाचे चिखलाने माखलेले चाक मावत नाही, ते मग बॅगांवर बसते. त्यासाठी एक मोठे पोते घडी करून ठेवलेले बरे.

चाक बदलणे अवघड नाही, जागा निवडणे अवघड आहे. वळणावर थांबू नका. टायर गेला तरी चालेल, हळूहळू रुंद आणि सपाट जागेपर्यंत जा. चारी दिवे लुकलुकते, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, माणसे खाली आणि रस्त्यापासून दूर. तिरप्या चाकाला, म्हणजे डावे पुढचे काढायचे असेल तर उजव्या मागच्याला, दोन्हीकडून जांभ्याचे धोंडे. त्रिकोण पन्नास मीटर मागे. मग चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करायचे, कारण चाक हवेत गेले की ते नटाबरोबर फिरते. पावसात तांबडी माती जॅकला गिळते, त्यासाठी फूटभर चौकोनी जाड फळी जवळ हवीच. जॅक पत्र्याच्या खाचेखालीच लावायचा. फुटके चाक सुटण्यापुरते उचलून भागत नाही, चार बोटे जास्त उचला, भरलेल्या चाकाला तेवढी जागा लागते. काढलेले चाक लगेच गाडीच्या पोटाखाली आडवे सरकवा, जॅक घसरलाच तर गाडी त्याच्यावर बसेल. नवे चाक बसले की नट एकाआड एक आवळायचे आणि शेवटची ताकद गाडी खाली आल्यावरच लावायची. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा.

कधी सगळे नट निघतात आणि तरी चाक हलत नाही. आलॉय आणि चाक ज्यावर बसते तो लोखंडी हब यांच्यात पावसाने गंज धरलेला असतो. नट परत हाताने दोन-तीन फेरे चढवा, गाडी खाली घ्या आणि दोन हात पुढेमागे हलवा, सुटते. घरी आल्यावर हबची मधली कड तारेच्या ब्रशने घासून ग्रीसचा पातळ हात द्यावा. नटाच्या आट्यांना ग्रीस लावू नये.

आणि त्या नटांचेच काय? एसयूव्हीच्या नटाला साधारण ११० न्यूटन-मीटर ताकद लागते. गाडीबरोबर मिळणारा एल आकाराचा पाना पंचवीस सेंटिमीटरचा, म्हणजे टोकाला पंचेचाळीस किलोचा जोर. जमते. पण पंक्चरवाल्याने हवेच्या गनने तोच नट दुपटीहून जास्त आवळला, तर शंभर किलोचा माणूस पान्यावर उभा राहावा लागतो, आणि पाना वाकतो. दोन फुटी जीआय (लोखंडी) पाइपचा तुकडा पान्यावर चढवला की जोर निम्म्याहून कमी लागतो. उद्यमबागेत असला तुकडा भंगारवाला चहाच्या पैशात देईल. त्याहून बरे म्हणजे दुकानातून गाडी काढण्याआधी, तिथेच, त्याच्यासमोर, आपल्याच पान्याने प्रत्येक नट एकदा ढिला करून पुन्हा आवळून बघायचा. एखादा सुटला नाही, तर त्याच्या गननेच सोडवून घ्यायचा.