आमची वाटचाल : दर चांगला, पण वेळेवर

कापडी पिशव्यांचा व्यवसाय सुरू केला तेव्हा ‘फेअर ट्रेड’ म्हणजे कारागिराला चांगला दर, एवढंच आम्हाला कळत होतं. शिवणकाम करणाऱ्या गटासोबत बसून शिलाईचा दर ठरवला. कटिंग, शिलाई, काजं-बटणं, प्रत्येकाला किती वेळ लागतो ते मोजून ठरवला. आपण नीट वागतोय, याचं समाधान होतं.

दुसऱ्या वर्षी एका मोठ्या ऑर्डरचं बिल ग्राहकाने तीन महिने लटकवलं. आमच्याकडे खेळतं भांडवल नव्हतं, म्हणून आम्हीही गटाचे पैसे थांबवले. भेटायला गेलो तेव्हा गटप्रमुख ताईंनी वही उघडून समोर ठेवली. डाव्या पानावर आमच्याकडून येणं. उजव्या पानावर कापड आणि दोऱ्यासाठी काढलेली उधारी, आणि तिच्यावर महिन्याकाठी चढलेलं व्याज. आम्ही दिलेला जास्तीचा दर त्या व्याजातच गेला होता. ताई चिडल्या नाहीत. “दर चांगलाच आहे हो, पण हातात कधी पडतो ते बघा,” एवढंच म्हणाल्या.

फेअर ट्रेड पाळणाऱ्या संस्थांची जागतिक संघटना म्हणजे वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन. तिची दहा तत्त्वं मी त्यानंतर नीट वाचली. कारागिरांनी मागितल्यास हस्तकलेच्या मालाची किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असं त्यांत स्वच्छ लिहिलंय. आम्ही ते तेव्हापासून पाळतो. त्यासाठी ग्राहकांकडूनही निम्मे पैसे आधी मागावे लागले. दोन जुने ग्राहक तुटले, त्याचं वाईट वाटलं. बाकीचे टिकले.

‘फेअर ट्रेडसाठी ग्राहक म्हणून आम्ही काय करू शकतो?’ असं लोक मनापासून विचारतात. आमचं पहिलं उत्तर ठरलेलं आहे : ऑर्डर लवकर द्या. कार्यक्रम ठरला की लगेच कळवा. आठवड्यावर आलेल्या ऑर्डरसाठी कुणीतरी रात्री जागून शिवतं. शिलाई सुरू झाल्यावर डिझाइन बदलू नका, आणि बिल तारखेला चुकतं करा. वर्षातून एकदाच मोठी खरेदी करण्यापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी थोडी केली, तर मंदीतही गटाच्या हाताला काम राहतं.

घरासाठी, ऑफिससाठी चहा, कॉफी, साखर, कोको घेताना पाकिटावर फेअरट्रेडचं चिन्ह, म्हणजे माल फेअरट्रेडचे निकष पाळून पिकवला-विकला गेल्याची खूण, आहे का बघा. ते चिन्ह त्या मालापुरतं असतं, अख्ख्या कंपनीला दिलेलं प्रशस्तिपत्र नसतं. शेजारी बाण असेल तर पाकीट उलटून मागचा मजकूर वाचा. दुकानात असा माल नसेल तर मागा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा मागा. दोन-चार गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदार चौकशी करतो, हे मी स्वतः पाहिलंय.

इंग्लंडमधल्या गार्स्टँग या छोट्या गावाने २००० साली स्वतःला जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव, म्हणजे असा माल वापरायचा असं मिळून ठरवलेलं गाव, जाहीर केलं. तिथेही सुरुवात दुकानं, शाळा आणि चर्चमधल्या चहा-कॉफीपासूनच झाली होती. तुमच्या संस्थेत बैठकीचा चहा कोण मागवतं, तेवढं शोधा. बहुतेक ठिकाणी ते एकाच माणसाच्या हातात असतं.

गटाकडे आता आमची ऑर्डर जाते ती आगाऊ रकमेसोबतच. ताई आधी कापड रोखीने आणतात आणि मग कटिंगला बसतात.