अंतऱ्याला सुट्टी

गिटार शिकणाऱ्या कुणालाही विचारा, वीसेक गाण्यांची सुरुवात वाजवून दाखवेल. शेवटापर्यंत एखादं वाजव म्हटलं की पाणी प्यायला उठेल.

पाहुणे आले की हे हमखास उघड होतं. ‘वाजव की काहीतरी’ असा आग्रह होतो. आपण आढेवेढे घेत गिटार मांडीवर घेतो, ट्यूनिंगच्या नावाखाली थोडा वेळ काढतो आणि मुखडा झोकात वाजवतो. माना डोलायला लागतात. मग पुन्हा मुखडा. मग तिसऱ्यांदा तोच. आमची आत्या स्पष्टवक्ती. तिने एकदा विचारलंच, “अगं, अंतऱ्याला सुट्टी दिलीस का?”

सराव सुटला की आपण खापर फोडतो ते ऑफिसवर, आळसावर, नाहीतर ‘मूड नाही’वर. माझा संशय या अर्ध्या गाण्यांवर आहे. रोज तेच चार कॉर्ड (एकत्र छेडायचे सुरांचे जुळे-तिळे) घोळवायचे आणि पुढे रस्ता बंद, म्हटल्यावर गिटारकडे हात जाईलच कशाला?

रस्ता बंद होतो तो बहुतेकदा एफ या कॉर्डपाशी. मुखडा सी, जी, ए-मायनरवर निभावून जातो; अंतऱ्यात एफ आला की गाडी अडते. तर्जनी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या पहिल्या घरात, आडवी टाकायची, बाकीच्या तीन बोटांनी पुढचा आकार धरायचा; याचंच नाव बार कॉर्ड. मग दुसरी तार नेमकी तर्जनीच्या पेराच्या घडीत जाऊन बसते आणि सुराऐवजी ‘थप्प’ ऐकू येतं. नाहीतर तार झणझणते. तंबोऱ्यावर हीच झणझण यावी म्हणून जवारी काढणाऱ्या कारागिराला पैसे देतात. गिटारवर तिला दोष म्हणतात!

या एफचा मी बराच धसका घेतला होता. नीट पाहिल्यावर कळलं की तर्जनी सहाही तारांवर पडलेली असली तरी तिचं काम तीनच तारांवर असतं: सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या तिन्ही बाकीची बोटं सांभाळतात. त्यामुळे सगळं बोट जीव तोडून दाबायचं कारणच नाही. ते किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं केलं की हाडाची कड तारांवर येते आणि आवाज मोकळा होतो. शिवाय पहिला फ्रेट नटला, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीला लागून, म्हणून तिथे तार सगळ्यात हट्टी. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरला तर ए वाजतो आणि बराच सोपा जातो. तिथे जमला की एकेक फ्रेट खाली सरकत यायचं. तरीही पहिल्या फ्रेटवर दमछाक होत असेल तर नट जास्त उंच नाही ना, ते दुकानात दाखवावं. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून सोप्या कॉर्डवर गाणं वाजवणं ही लबाडी आहे, असं मानणारे लोक भेटतात; त्यांच्याशी वाद घालू नये. शास्त्रीय संगीत वाजवणारे गिटारवादक ब्रिजभूषण काब्रा यांनी तर गिटार मांडीवर आडवी ठेवली, तारांवरून धातूचा तुकडा फिरवला आणि राग वाजवले. बार कॉर्डची भानगडच नाही.

बाकीचे सल्ले सगळ्यांना पाठ असतात. गिटार बॅगेत कोंडू नका, पावसाळ्यात तारा गंजल्या तर बदला. बरोबरच आहेत. माझी भर एवढीच, की बसल्या बसल्या आधी अंतरा घ्यावा. बोटं ताजी असतात आणि मुखडा कुठे पळून जात नाही. त्यातही अंतरा संपून मुखड्यावर परत येण्याची जी जागा असते, तेवढीच संथ लयीत घोळवावी. एफवरून सीवर, पुन्हा एफवरून सीवर. कंटाळवाणं वाटतं खरं. पण एकदा ती उडी लयीत पडली, पहिला शब्द नेमका समेवर आला, की मग कुणी ‘सराव कर’ म्हणावं लागत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात आणि आपण तिसऱ्यांदा अंतऱ्यात शिरलेलो असतो.

आता नवीन गाणं घेतलंय. त्यात बी-मायनर आहे, तोही अंतऱ्यातच. घाबरण्याआधी बोटं लावून पाहिली: तिथे तर्जनीच्या वाट्याला दोनच तारा येतात.