टेपच्या दोन पट्ट्या: आठवडा तिसरा

या आठवड्यात एक गुंता सुटला. टेबलावर आधी टेपचा एक थर, त्यावर एकावर एक दोन पट्ट्या, मग त्या सोडवून समोरासमोर धरायच्या, हा आपला स्थिर विजेचा नेहमीचा प्रयोग. वरची आणि खालची एकमेकींकडे ओढल्या जायला हव्यात. माझ्या कधी ओढल्या जायच्या, तर कधी चक्क दूर पळायच्या.

घोळ उचलण्यात होता. जोडी टेबलावरून निघतानाच तिच्यावर विद्युतभार येतो आणि तो तसाच दोघींच्या वाट्याला जातो. आता जोडी सावकाश उचलतो, तिच्या पाठीवरून बोट हलकेच फिरवतो. ती हाताकडे झुकायची थांबली की मगच पट्ट्या झटक्यात वेगळ्या करतो. एकीवर जेवढा धनभार, दुसरीवर तेवढाच ऋणभार. मग सलग वीस वेळा ओढल्या गेल्या! धरायला टोक दुमडून ठेवा आणि त्यावर पेनाने ‘व’, ‘ख’ लिहा, नाहीतर हातात घेतल्यावर कुठली कुठली तेच कळत नाही.

कोरड्या केसांतून फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवा ऋणभारित असतो. माझी ‘ख’ त्याच्यापासून लांब जाते, म्हणजे तीही ऋण. टेप बदलली तर हे उलटंही येऊ शकतं, तेव्हा स्वतः तपासा.

जुलैच्या दमट हवेत पट्ट्या 2 सेंटिमीटरवर जेमतेम हलायच्या. आता थंडीत 6-7 सेंटिमीटरवरूनच वळतात.

रात्री खोली पूर्ण काळोखी केली, पंधरा मिनिटं डोळे सरावू दिले आणि रीळ उलगडलं. टेप सुटते बरोबर त्या रेषेवर निळसर उजेड! टेप चर्रचर्र करत अडकून सुटते, तसा उजेडही थरथरतो. भारांमधल्या विद्युतक्षेत्रामुळे हवेतला नायट्रोजन उजळतो. 2008 साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हेच निर्वातात केलं, तेव्हा क्ष-किरण निघाले आणि त्यांनी बोटाच्या हाडांचं चित्रही घेतलं. साध्या हवेत इलेक्ट्रॉनना तेवढा वेग घेता येत नाही, त्यामुळे घरी काळजी नको.

मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) वापरून केलेला, विद्युतभार दाखवणारा भारदर्शक मात्र गेला. पट्टी मॉस्फेटच्या गेटच्या, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाच्या, उघड्या तारेला टेकली आणि एलईडी पुन्हा विझलाच नाही. नवा मॉस्फेट आणलाय, यावेळी तारेवर आधी हीटश्रिंक (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवतोय.