कोल्हापुरी ऑनलाइन विकताय? आधी परतीचे डबे मोजा

कोल्हापुरी चपलेचं ऑनलाइन दुकान एका आठवड्यात उभं राहतं. दुकान उभारायची शॉपिफाय किंवा वूकॉमर्ससारखी तयार सोय घ्या, नाहीतर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच सुरू करा, फार फरक पडत नाही. लोक लोगो आणि वेबसाइटच्या रंगात महिनाभर गुंततात. दुकान चालणार की बुडणार हे मात्र पाठवलेल्या जोडांपैकी किती परत येतात यावर ठरतं.

हिशेब मांडून पाहू. समजा एक जोड १,२०० रुपयांना विकला, जीएसटी धरून. २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे, म्हणजे आपल्याकडे उरले १,१४३. कारागिराला ६५०, डबा-कागद-टेप ३५, कुरिअर ९०, पेमेंट गेटवे किंवा कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार ३०, आणि ती ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर १५०. हातात राहिले १८८. आता तोच जोड गिऱ्हाइकाने दारातून परत पाठवला तर? जायचे ९०, यायचे ८०, पॅकिंग ३५, जाहिरात १५०, एकूण ३५५ गेले. दहा ऑर्डरींत एक परत आली तर नफा १,३३७. तीन परत आल्या तर २५१. विक्रीचा आकडा स्क्रीनवर तोच दिसतो, दहा ऑर्डरी. म्हणून तो आकडा बघून खूश होण्यात अर्थ नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हे गणित कागदावर मांडल्याशिवाय जाहिरातीचं बजेट वाढवू नका.

जोड परत येण्याचं पहिलं कारण माप. कोल्हापुरी ही कारखान्यातल्या बुटासारखी साच्यावर ओढलेली नसते. कारागीर नमुन्यावरून तळ कापतो, वादीने (चामड्याच्या दोरीने) शिवतो, अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची कडी) आणि पट्टा हाताने बसवतो. त्यामुळे एकाच कारागिराच्या दोन ‘आठ नंबर’ जोडांत फरक निघतो. यूके पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. जोड ४ मिलिमीटर इकडेतिकडे झाला की अर्धा नंबर गेला. त्यात गिऱ्हाइकाच्या डोक्यात तीन पद्धती असतात: पुरुषांचा अमेरिकी ९ म्हणजे आपला ८, आणि स्पोर्ट्स शूजच्या डब्यावर तर सगळेच आकडे शेजारी शेजारी छापलेले. कोणता आपला हे कोण बघतं?

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. माल आला की प्रत्येक जोड मोजायचा: तळाची आतली लांबी, पंजाची सर्वांत जास्त रुंदी, पट्ट्याखालची मोकळी जागा. डावा-उजवा वेगवेगळा मोजा. दोघांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर जोड कारागिराकडे परत. डब्यावर नंबराबरोबर मिलिमीटरही लिहा. वेबसाइटवर गिऱ्हाइकाला नंबर विचारण्याआधी पावलाची लांबी विचारा: भिंतीला कागद टेकवा, टाच भिंतीला लावून उभे राहा, सर्वांत लांब बोटापुढे खूण करा, दोन्ही पावलं मोजा, मोठं माप धरा. हे संध्याकाळी करायला सांगा, दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. दुसऱ्या कंपनीचा तयार साइज चार्ट उचलून लावू नका. तो तुमच्या कारागिराच्या चपलेचा नाही.

‘अंगठा घट्ट आहे’ ही तक्रार मात्र बहुतेक वेळा मापाची नसते. नवी कोल्हापुरी घट्टच यायला हवी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं वापराने सैल होतं आणि पायाचा आकार घेतं. पहिल्याच दिवशी ऐसपैस बसलेली चप्पल दोन महिन्यांत सटकायला लागते. डब्यात एक चिठ्ठी टाका: पहिले काही दिवस घरात तास-तासभर घाला, अंगठ्याला आतून खोबरेल तेलाचा हलका हात द्या, आणि बदलून हवी असेल तर आधी चटईवर घालून बघा. शेवटची ओळ ठळक छापा. फरशीवर चार पावलं टाकली तरी चामड्याच्या तळावर ओरखडे पडतात आणि तो जोड पुन्हा नवा म्हणून विकता येत नाही.

दुसरं कारण रंग: फोटोतला वेगळा, हातातला वेगळा. कमावलेलं चामडं उन्हात आणि तेलाने गडद होत जातं. खिडकीजवळच्या उजेडात, बाजूला पांढरा कागद ठेवून फोटो काढा आणि फिल्टर लावू नका. वरून, बाजूने, तळ, कान (बाजूच्या चामडी पाकळ्या), टाच आणि पायात घातलेला असे सहा फोटो पुरतात. तळाचा फोटो बरेच जण टाळतात, पण जाणकार गिऱ्हाईक आधी तोच बघतं.

तिसरं कारण सर्वांत महाग: कॅश ऑन डिलिव्हरी. ती बंद करा असं सांगणं सोपं आहे, पण नवं दुकान असताना लोक आधी पैसे भरायला कचरतात, आणि ते चूक नाही. मधला रस्ता म्हणजे १०० रुपये आगाऊ यूपीआयने, बाकी दारात. ज्याला घ्यायचंच नाही तो इथेच गळतो. राहिलेल्यांना पाठवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर, रंग, पत्ता आणि रक्कम एकदा विचारून घ्या. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढाच पत्ता असेल तर डबा हलवू नका, घर क्रमांक आणि दुसरा फोन नंबर मागा. कुरिअरवाला साधारण तीनदा प्रयत्न करून डबा परत फिरवतो. कुरिअरच्या ऑनलाइन पॅनेलवर ‘डिलिव्हरी झाली नाही’ असा शेरा दिसला की त्याच दिवशी गिऱ्हाइकाला फोन करा. ‘गिऱ्हाईक उपलब्ध नाही’ हा शेरा नेहमी खरा असतोच असं नाही. आणि रोखीचे पैसे कुरिअरकडून तुमच्या खात्यात यायला आठवडा किंवा जास्त लागतो. कारागिराला मात्र तेव्हाच द्यायचे असतात, म्हणून तेवढं खेळतं भांडवल आधी बाजूला काढून ठेवा.

डब्याचा आकार बघा. कुरिअर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जास्त असेल ते लावतो. आकारमानाचं सूत्र बहुतेक ठिकाणी लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. बाजारात मिळणारा ३० × २० × ११ चा बुटाचा डबा म्हणजे १.३२ किलो, आणि दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने लागत असल्याने बिल दीड किलोचं. चपला समोरासमोर, उलटसुलट ठेवल्या तर ३१ × १६ × ९ मध्ये बसतात, म्हणजे ०.८९, बिल एक किलोचं. मोठ्या नंबरांना वेगळा डबा लागेल. बंद डबा काट्यावर ठेवून आणि टेप लावून फोटो काढून ठेवा. वजनावरून वाद झाला की तोच कामी येतो.

माल कधी भरायचा हे या धंद्यात हवामान ठरवतं. पावसात चामडं वाळत नाही, कारागिराचं काम मंदावतं, आणि नेमकं गणपतीपासून दसरा-दिवाळी आणि मग लग्नसराईपर्यंत मागणी चढत जाते. त्यामुळे सणांचा माल जूनच्या आधी हातात हवा. पण तोच माल पावसाळाभर सांभाळायचा म्हणजे बुरशीशी गाठ. जमिनीपासून फूटभर वर, भिंतीपासून सुटी अशी मांडणी ठेवा. जोड प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सुती किंवा कागदी पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, दर आठवड्याला डबे उघडून हवा द्या. पांढरा थर दिसला तर कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, उन्हात नको, चामडं तडकतं. गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नका, शाई फिक्या चामड्यावर उतरते. कुरिअरची प्लास्टिक पिशवी फक्त बाहेरून.

सुरुवातीला डिझाइन चारच पुरेत. पाच नंबर घेतले तर प्रत्येक डिझाइनचे १-२-३-२-१ असे नऊ जोड, मधल्या नंबरात जास्त. चाळीस डिझाइन ठेवून प्रत्येकात एक नंबर संपलेला, हे दृश्य फार दुकानांत दिसतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही हे ऐकून लोक निर्धास्त होतात, पण ती सवलत राज्यातल्या विक्रीसाठी आहे. बेळगावला किंवा इंदूरला, म्हणजे राज्याबाहेर, जोड पाठवला की नियम बदलतो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही ठरावीक वस्तूंना सूट आहे, आपला माल त्यात बसतो का ते सीएकडून लेखी घ्या. कंपोझिशन योजनेतून (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) राज्याबाहेर विकता येत नाही. मोठ्या मार्केटप्लेसवर विकलंत तर तिथून ०.५ टक्के जीएसटीचा टीसीएस (तुमच्या पैशांतून आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) कापला जातो, तो दर महिन्याला पोर्टलवर जुळवून घ्या, नाहीतर पैसे तिथेच पडून राहतात. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात. दोन माणसांच्या दुकानात तो अधिकारी तुम्हीच.

आणि नाव. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव) मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात येतात. रेक्झिनचा तळ चिकटवलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून लावली तर तो कायद्याचा प्रश्न आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यावर या नावावर जगभर चर्चा झाली, तेव्हापासून गिऱ्हाईकही विचारतं: कोणत्या गावची, कोणी शिवली? अथणी, निपाणी, की कोल्हापुरातलं सुभाषनगर, जे असेल ते उत्पादनाच्या पानावर लिहा. मानांकनाचं चिन्ह छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. कारागिराची असेल तर तिची प्रत मागून घ्या, नसेल तर त्याला करून द्या. पुढच्या सीझनला माल आधी कोणाला द्यायचा, हे तो त्यावरूनही ठरवतो.