चवीच्या रकान्यातली सही

तिसरीतली एक मुलगी ताटली घेऊन ऑफिसच्या दारात आली. रडत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. "बाई, माझ्या खिचडीत हे काय आलंय?" एवढंच विचारलं तिनं. मी वाकून पाहिलं. पिवळ्या भातात पालीचं शेपूट होतं आणि मागचा एक पाय.

२०१८चा ऑगस्ट. माणदेशातली आमची सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. पट ९४, त्या दिवशी हजर ८७. बाहेर व्हरांड्यात पंगत बसली होती. लहान वर्गांचं जेवण उरकत आलेलं, मोठ्या मुलांना नुकतं वाढायला घेतलेलं.

शाळेचा प्रभार माझ्याकडे येऊन तीन महिनेही झाले नव्हते. आधीचे मुख्याध्यापक ३१ मेला निवृत्त झाले. (त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती लावून दिलेली. त्यामुळे मेअखेरीला तालुक्यातल्या बऱ्याच खुर्च्या एकदम रिकाम्या होतात.) सेवाज्येष्ठ म्हणून चार्ज मला मिळाला. किल्ल्यांचा जुडगा, शिक्के आणि कपाटभर रजिस्टरं. माझे दोन वर्ग होतेच. शिकवायचं, मधल्या सुट्टीत ऑनलाइन माहिती भरायची, आणि समोर येईल त्या कागदावर सही करायची. चार्ज म्हणजे सह्या, असंच माझ्या मनानं धरलं होतं.

ती ताटली हातात घेतली तेव्हा नजर टेबलावर गेली. चव रजिस्टर उघडंच होतं. मुलांना वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकानं स्वतः अन्न चाखायचं आणि तशी नोंद करायची, हा नियम. त्या दिवसाच्या रकान्यात 'चव चांगली' लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही. ती सही मी सकाळी प्रार्थना झाल्याबरोबर केली होती. तेव्हा तांदूळसुद्धा निवडून व्हायचे होते.

आमचे एक सर मागून आले. त्यांनी ताटली पाहिली आणि दार लोटून घेतलं. "मॅडम, अजून कुणालाच काही झालेलं नाही. पातेलं मागच्या ओढ्यात ओततो, मुलांना बिस्किटं वाटू. त्या पोरीला मी समजावतो. उगाच चौकशी लागेल, स्वयंपाकाच्या मावशीची भाकरी जाईल, तुमच्या सेवापुस्तिकेत लाल शेरा पडेल." ते वाईट हेतूनं बोलत नव्हते. माझ्या काळजीनंच बोलत होते. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते बोलणं हवंहवंसं वाटलं.

मला आठवला बिहार. १६ जुलै २०१३, सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव. शाळेतल्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. पुढे २०१६ मध्ये तिथल्या मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली. मुलांनी चवीची तक्रार केली होती, असं तेव्हा पेपरात वाचलेलं माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. माझ्याकडे तर एक मुलगी ताटली घेऊनच आली होती.

दार उघडून मी बाहेर गेले आणि म्हणाले, "सगळ्यांनी घास खाली ठेवा. कुणी उठायचं नाही." आवाज चढवला नाही, तरी पंगत गप्प झाली.

मग जे सुचेल ते केलं. सातवीच्या मुलींना ताटल्या गोळा करायला सांगितल्या, पण खरकटं टाकू दिलं नाही. मावशींनी घाईनं पातेलं उचललं होतं. "मावशी, राहू द्या. डॉक्टर बघतील," म्हणून ते खिचडीसकट ऑफिसात ठेवून कुलूप घातलं. सरांना हजेरी दिली. कोण जेवलं, कोण नाही, नावासमोर खूण करा म्हटलं. ५८ जणांनी खाल्लं होतं. दुसऱ्या बाईंना लहान मुलांजवळ बसवलं. त्यांनी पाढे म्हणायला घेतले. मी १०८ला फोन लावला, मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, मग केंद्रप्रमुखांना, सरपंचांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना. पाचही जणांना तेच वाक्य सांगितलं: खिचडीत पाल सापडली आहे, ५८ मुलांनी खाल्लं आहे, अजून कुणाला त्रास नाही. फोन ठेवताना दरवेळी हात कापत होता.

बाजरीच्या भांगलणीला गेलेल्या बाया खुरपी हातात तशीच घेऊन धावत आल्या. एकीनं दारातच हंबरडा फोडला, "पाल पडली म्हणजे विषच की हो!" तिचा पहिलीतला मुलगा आईकडे बघतच राहिला आणि भडाभडा ओकला. त्याच्या शेजारचा ओकला, मग पलीकडची. दहा मिनिटांत १४ मुलं ओकत होती. पाढे थांबले. सर माझ्याकडे बघत होते, बोलले काही नाहीत. लपवलं असतं तर हे झालंच नसतं, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

१०८नं ओकणारी मुलं नेली, बाकीची गावातल्या दोन पिकअपमधून. प्रत्येक गाडीत एक शिक्षक आणि मुलांच्या नावांची यादी. मी शेवटच्या गाडीत चढणार, तोवर शाळेच्या पायरीवर गर्दी जमली होती. मावशी भिंतीला टेकून उभ्या, पदर तोंडाला. नवरा नसलेली बाई, तुटपुंज्या मानधनावर रोज इतक्या मुलांचं रांधणारी. "हिला आधी हाकला," एक जण ओरडला. दुसऱ्यानं त्यांच्या दंडाला धरलं.

मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "त्यांना सोडा. अन्न मी चाखायचं होतं. मी चाखलं नाही आणि सही केली. काय बोलायचं ते मला बोला."

बोलले. फार बोलले. एका आजींनी जे शब्द वापरले ते इथे लिहिणार नाही. पण मावशींचा दंड सुटला.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी एकेक मूल तपासलं. ओआरएस दिलं, रात्रभर नजरेखाली ठेवलं. मला बाजूला बोलावून ते म्हणाले, "बाई, आपल्या घरातल्या पालीला विष नसतं. तिच्या अंगावरच्या आणि विष्ठेतल्या जंतूंनी मात्र पोट बिघडू शकतं. आत्ताच्या उलट्या बऱ्याचशा भीतीच्या आहेत. एकाचं पाहून दुसऱ्याला होतात." आपण गाजावाजा केला का, असं मी विचारलं. "जंतूंचा त्रास व्हायचाच असेल तर काही तासांनी, रात्री होतो," ते म्हणाले. "तेव्हा ही मुलं कुठे असायला हवीत?" मध्यरात्रीनंतर सहा मुलांना जुलाब सुरू झाले, दोघांना ताप भरला. सलाईन लावावं लागलं. सकाळी दहापर्यंत सगळी घरी गेली.

त्या रात्री बाकावर बसल्या बसल्या मावशींनी एक गोष्ट सांगितली. तक्रार म्हणून नव्हे, नुसती आठवण म्हणून. "बाई, मोठ्या पातेल्याचं झाकण फुटलंय म्हणून मी तुम्हाला दोनदा बोलले होते."

बोलल्या होत्या. जूनमध्ये एकदा, नागपंचमीच्या आदल्या दिवशी एकदा. स्वयंपाकघराची भिंत आणि वरचा पत्रा यांच्यात वीतभर फट आहे. पाली तिथेच फिरतात आणि खाली पातेलं उघडं. झाकणाची मागणी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. ती पुढे पाठवायला मला एक मिनिटही लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी आले. पंचनामा झाला, आठवड्यात कारणे दाखवा नोटीस आली. खुलासा कसा लिहायचा ते बऱ्याच जणांनी सांगितलं. 'नजरचुकीने', 'कामाच्या व्यापामुळे', 'स्वयंपाकी व मदतनीस यांच्या निष्काळजीपणामुळे'. शेवटचा शब्दप्रयोग तर तयार मसुद्यातच होता. मी हातानं लिहून काढलं: चव न घेता सही केली, झाकणाची मागणी दोन महिने पुढे पाठवली नाही, स्वयंपाकी मदतनिसांनी दोन वेळा सांगितले होते. मला लेखी ताकीद मिळाली. मावशींचं काम राहिलं.

झाकण मी शनिवारच्या बाजारातून आणलं, आणि फटीला जाळी ठोकून घेतली. सोमवारी पंगतीला १९च मुलं बसली. बाकीच्यांच्या दप्तरात आयांनी डबे दिले होते. मी मुलांच्या रांगेत मांडी घालून बसले, मावशींनी मला वाढलं. तिसरीतली ती मुलगी समोर बसून माझा प्रत्येक घास बघत होती. मी ताटली संपवली, तेव्हा तिनं आपला डबा बंद केला आणि मावशींकडे ताटली पुढे केली.

पट भरायला सप्टेंबर उजाडला. आता बाराच्या सुमाराला मी शिकवत असते तेव्हा दाराशी बांगड्या वाजतात. "बाई, चव," म्हणत मावशी वाटी पुढे करतात. खडू ठेवून मी बाहेर येते. रजिस्टर त्यांच्या काखेतच असतं.